मेलेल्या पेशींचा डागही तेवढाच काळा. आता काय करू?

रात्रपाळी

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय किचकट आहे, पण जुन्या धाग्यांवरून इथं पेशींवर काम करणारे आणि एमआरआय वाचणारे दोन्ही लोक आहेत हे ठाऊक आहे, म्हणून धाडस करते.

पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू आहे. काम थोडक्यात असं: बाळाच्या नाळेतून काढलेल्या मेसेन्कायमल स्टेम सेल्सना (हाड, चरबी, कूर्चा होऊ शकणाऱ्या मूळ पेशी) लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण खाऊ घालायचे, त्या रॅटच्या मांडीच्या स्नायूत टोचायच्या आणि नंतर एमआरआयवर त्या कुठं आहेत ते बघायचं. हे कण आजूबाजूच्या पाण्याचा सिग्नल मारतात. त्यामुळे जिथं पेशी, तिथं काळा डाग.

जुन्या पेपरांत जिथंतिथं फेरिडेक्स. यकृताच्या स्कॅनसाठी अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालेलं औषध, लोकांनी ते पेशींना खाऊ घालायला आयतं उचललं. ते २००८ मध्ये बंद झालं, म्हणून आमचे कण घरीच बनतात. (घरी म्हणजे लॅबमध्ये. आई, वाचत असशील तर काळजी करू नकोस.) फेरिक आणि फेरस क्लोराइड दोनास एक, वरून नायट्रोजन, मग अमोनिया. पिवळट द्रावण एका क्षणात काळं कुळकुळीत होतं. चार वर्षं झाली तरी तो क्षण बघायला मी हातातलं काम टाकून जाते. त्यानंतर डेक्स्ट्रानचा लेप.

सुरुवातीलाच एकदा तोंडावर आपटले होते, तेही सांगते. पेशी अगारोजमध्ये मिसळून छोट्या एपेनडॉर्फ नळ्यांत भरल्या, नळ्या पाण्यानं भरलेल्या लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत उभ्या केल्या आणि रात्री दहानंतर, पेशंट संपल्यावर, बरणी मनगटाच्या कॉइलमध्ये ठेवून ३ टेस्लाच्या मशिनमध्ये घातली. मस्त काळे ठिपके! कण न दिलेल्या नळीतही तसेच मस्त. ते हवेचे बुडबुडे होते. टेक्निशियन दादा अजूनही मला बघितलं की विचारतात, "आज लोणचं कुठलं?"

तर आता मूळ दुखणं. आठ विस्टार रॅट, अर्थातच समितीच्या परवानगीनं. डाव्या मांडीत कण खाल्लेल्या ५ लाख जिवंत पेशी. लोह मोजलं होतं, पेशीमागे साधारण १५ पिकोग्रॅम, म्हणजे एका टोचणीत साडेसात मायक्रोग्रॅम. दोन रॅट स्नायूच्या तुकड्यांसाठी दुसऱ्याच दिवशी काढले, सहा एकविसाव्या दिवसापर्यंत ठेवले. २१व्या दिवशी डाव्या मांडीत सहाच्या सहा रॅटमध्ये ठसठशीत काळा डाग. सर खूश. "तीन आठवडे टिकल्या" असं पेपरचं शीर्षकही ठरलं.

पण एक उद्योग मी माझ्या डोक्यानं केला होता. उजव्या मांडीत त्याच पेशी, तेवढ्याच, पण आधी तीनदा गोठवून-वितळवून मारलेल्या. ट्रिपॅन ब्लूमध्ये एकूण एक निळी. म्हणजे मेलेल्याच, शंकाच नको.

तो डागही तेवढाच काळा आहे. एका रॅटमध्ये तर डाव्यापेक्षा मोठा.

सरांचं म्हणणं, कंट्रोल (तुलनेसाठी टोचलेला पाय) फसला, उजवा पाय पेपरात नको, उगाच गोंधळ वाढतो. मला झोप लागत नाहीये. मेलेल्या पेशी तीन आठवडे डाग धरून बसत असतील तर डाव्या पायाचा डाग तरी कशाचा? जाणकारांनी कृपया सांगा. स्नायूचे तुकडे उणे ऐंशीला ठेवलेले आहेत, टाकलेले नाहीत.

कोलॉइड

बाकीचं जीवशास्त्रवाले सांगतील, मी कणांपुरतं बोलतो. कण पेशींच्या आत आहेत हे नक्की का? प्रशियन ब्लूच्या (लोह निळं दाखवणारा रंग) स्लाइडवर निळा रंग पेशींच्या मधल्या जागेत दिसतो का? डेक्स्ट्रान पातळ असेल तर कल्चर मीडियमचं मीठ आणि सीरमची प्रथिनं मिळून कणांचे गोळे करतात. ते गोळे पेशींवर बसतात, फ्लास्कच्या तळाला चिकटतात आणि पेशी सोडवायला ट्रिप्सिन घातलं की पेशींबरोबरच उठून येतात. मग पेशीमागे १५ पिकोग्रॅम हा आकडा निम्मा बाहेरच्या गोळ्यांचा असू शकतो. नुसत्या पाण्यातला आकार मोजून भागत नाही, मीडियममध्ये चार तास ठेवून मोजा. आणि शेवटची धुणी हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या पीबीएसनं, म्हणजे मिठाच्या बफर द्रावणानं घ्या, बाहेर चिकटलेलं बरंचसं सुटतं.

रात्रपाळी

दिसतो. मधल्या जागेत निळं दिसतं. मी त्याला "बॅकग्राउंड" म्हणत आले. 🙈 साध्या पीबीएसनं तीनदा धुतलं होतं.

कोलॉइड

आपण सगळेच म्हणतो. पुढच्या बॅचला फेरुमॉक्सिटॉल मिळतंय का बघा. किडनीच्या रुग्णांच्या ॲनिमियासाठीचं शिरेतून द्यायचं लोह आहे ते, अमेरिकेत २००९ पासून. ते एकटं पेशींत फारसं शिरत नाही, म्हणून हेपरिन आणि प्रोटामिनबरोबर त्याचे छोटे गोळे मुद्दाम करतात आणि पहिले काही तास सीरमशिवाय ठेवतात. २०१२ साली नेचर मेडिसिनमध्ये आलं होतं. गंमत म्हणजे तिन्ही औषधं इस्पितळाच्या कपाटातली. प्रोटामिन मुळात सामन माशाच्या शुक्राणूंतून काढायचे, हृदयाच्या ऑपरेशननंतर हेपरिन उतरवायला वापरतात.

ओल्या_काजूची_उसळ

रात्रपाळी, सगळ्यात आधी उजवा पाय टोचल्याबद्दल शाबासकी. हे कंट्रोल करायचं आमच्या लॅबमध्ये दोन वर्षं कुणाला सुचलं नव्हतं, आणि आमच्याकडे पैशाला तोटा नाही. (रॉटरडॅमहून लिहितोय, पोस्टडॉकचं तिसरं वर्ष, मूळचा मालवणचा.)

तुमचा कंट्रोल फसलेला नाही. तो बरोबर चालला म्हणून तर तुमची झोप उडाली.

पेशी मेली की कण मरत नाहीत. पेशी फुटते, कण तिथंच पडतात, मागून मॅक्रोफेज (शरीरातला कचरा गिळणाऱ्या पेशी) येतात आणि सगळं गिळून तिथंच बसून राहतात. लोह पचवून, फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनात भरून मार्गी लावायला त्यांना आठवडे लागतात. एमआरआयला लोह दिसतं. ते कुणाच्या पोटात आहे हे त्याला काय माहीत?

हे नवीन नाही. २००७ मध्ये सर्क्युलेशन या नियतकालिकात इस्रायलच्या गटानं रॅटच्या हृदयात हेच दाखवलं: चार आठवड्यांनी डाग होता, पण लोह मॅक्रोफेजमध्ये होतं. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात जॉन्स हॉपकिन्सचा पेपर आला, त्याच्या तर शीर्षकातच आहे की एमआरआय पेशींचं जगणं वाढवून दाखवतो. सरांना तो छापून द्या. आपण काही बोलायचं नाही, फक्त टेबलावर ठेवायचा.

आता जरा कडू. तुमच्या पेशी माणसाच्या आणि रॅट विस्टार, म्हणजे प्रतिकारशक्ती शाबूत असलेले. सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दिलं होतं का? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून समजतो की नव्हतं. मेसेन्कायमल पेशींना प्रतिकारशक्ती हात लावत नाही असं एके काळी सगळेच म्हणायचे. हात लावते, थोडा उशिरा लावते इतकंच. माणसाची पेशी रॅटच्या स्नायूत तीन आठवडे जगली यावर मी पैज लावणार नाही. तेव्हा माझा अंदाज असा की २१व्या दिवशी तुमचे दोन्ही पाय "उजवेच" होते.

तुकडे आहेत हे फार चांगलं झालं. माणसाच्या पेशी असल्याचा इथं फायदा आहे: माणसाच्याच केंद्रकाला चिकटणारी अँटिबॉडी मिळते, रॅटच्या पेशींना ती शिवतही नाही. एका काचेवर प्रशियन ब्लू आणि ईडी१, म्हणजे रॅटच्या मॅक्रोफेजची खूण. शेजारच्या कापावर माणसाचं केंद्रक. दुसऱ्या दिवशीचे दोन रॅट आधी घ्या. तिथं माणसाची केंद्रकं दिसलीच पाहिजेत, नाहीतर अँटिबॉडीच काम करत नाहीये आणि पुढचं सगळं वाया. ते दिसलं की मगच २१वा दिवस.

आणि पुढे कधी याच पेशींपासून कूर्चा करायची असेल तर लेबल केलेल्या पेशींवर ती चाचणी स्वतंत्र करा. फेरिडेक्स पॉलिलायसीनबरोबर (कण पेशीत शिरायला मदत म्हणून) दिलं तेव्हा चरबी आणि हाड होत होतं, कूर्चा अडली होती, २००४ चा पेपर आहे. प्रोटामिनवाल्यांना तो त्रास दिसला नाही. पण आपले कण आपल्यालाच तपासावे लागतात.

अजून_एक_वाचक

मी कॉमर्सवाला, पण धागा सोडवत नाहीये. एक बाळबोध शंका: अंगात लोखंड घालून त्या उंदराला एमआरआयमध्ये घालता तर तो चुंबकाला जाऊन चिकटत नाही का? आमच्या मामींना आत जाताना केसातली पिनसुद्धा काढायला लावली होती.

कोलॉइड

शंका बाळबोध नाही. पिन धोक्याची असते कारण ती अख्खा लोखंडाचा तुकडा आहे आणि मशिनच्या तोंडाशी, जिथं क्षेत्र झपाट्यानं वाढत जातं, तिथं ती ओढली जाते. मशिनच्या मधोमध क्षेत्र सगळीकडे जवळपास सारखं असतं, सारख्या क्षेत्रात ओढ नसते. शिवाय इथं लोह किती, तर साडेसात मायक्रोग्रॅम. तुमच्या-माझ्या अंगात तीन-चार ग्रॅम लोह आधीच फिरतंय. आणि हे कण इतके बारीक असतात की क्षेत्रातून बाहेर काढले की त्यांचं चुंबकत्व विरून जातं, एकमेकांना धरून बसत नाहीत. म्हणूनच ते टोचता येतात.

ओल्या_काजूची_उसळ

भर घालतो: एका तांबड्या पेशीत लोह साधारण ०.१ पिकोग्रॅम असतं. रात्रपाळीच्या एकेका पेशीनं दीडशे तांबड्या पेशींचं लोह गिळलंय. पेशीच्या हिशेबानं जेवण जड आहे, रॅटच्या हिशेबानं काहीच नाही.

सांगलीकर_डॉक

रेडिऑलॉजीत तीस वर्षं झाली, वयानं मोठा आहे म्हणून एकेरीत लिहितो. राग मानू नकोस.

आमच्यात एक म्हण आहे, मेल्या म्हशीला मणभर दूध. तुझ्या उजव्या पायाचं स्कॅन बघितलं असतं तर तीच आठवली असती.

काळ्या डागाबद्दल दोन गोष्टी सांगतो, त्या पेशींच्या पेपरांत घाईघाईनं उरकलेल्या असतात. पहिली, डागाचा आकार म्हणजे पेशींचा पसारा नव्हे. लोहामुळे क्षेत्र लांबपर्यंत वाकतं आणि राईएवढी वस्तू पडद्यावर लिंबाएवढी दिसते. ग्रेडियंट एको (स्कॅनची एक पद्धत) लावून एको टाइम, म्हणजे सिग्नल पकडायच्या आधी थांबायची वेळ, वाढवलास की तोच डाग आणखी फुगतो. तेव्हा "एका रॅटमध्ये उजवा डाग मोठा" याला फार अर्थ चिकटवू नकोस. दोन्ही पायांचा एको टाइम एकच होता एवढं बघ.

दुसरी गोष्ट सुईची. सुई स्नायूत घुसली की थोडं रक्त सांडतंच. त्या रक्ताचं लोह हिमोसिडेरिन होऊन तिथंच राहतं आणि ते अगदी तुझ्या कणांसारखं काळं दिसतं. ब्लडप्रेशरच्या जुन्या पेशंटच्या मेंदूत मी रोज असे बारके काळे ठिपके वाचतो. त्यांना कुणी नॅनोकण दिलेले नसतात. नुसतं सलाइन टोचलेला पाय आहे का तुझ्याकडे? आणि कण न दिलेल्या जिवंत पेशींचा? नसेल तर पुढच्या खेपेला दोन रॅट त्यासाठी ठेव.

आता मला खरं सांगायचंय ते. तुम्ही लोक एमआरआयला नको तो प्रश्न विचारता. पेशी जगली का, हा त्याचा प्रश्नच नाही. त्याला विचारायचं, पेशी पडली कुठं? हॉलंडमध्ये नायमेखनच्या लोकांनी २००५ मध्ये मेलानोमाच्या (त्वचेचा कर्करोग) आठ रुग्णांना लोहाचं लेबल लावलेल्या डेंड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच पेशी, लस म्हणून दिल्या. स्टेम सेल नव्हेत, पण तंत्र हेच. सोनोग्राफीवर बघून, मुरलेल्या हातांनी, थेट लसिकाग्रंथीत सुई. एमआरआय काढला तेव्हा आठापैकी चौघांत पेशी ग्रंथीत नव्हत्याच, शेजारच्या चरबीत पडल्या होत्या. निम्मे! मी आयुष्यभर सोनोग्राफीवर सुया घातल्यात. तो पेपर वाचल्यावर आठवडाभर माझा हात बिचकत होता.

त्या चौघांत लसीचा गुण आला नाही असं निघालं असतं तर लोकांनी लसीला नावं ठेवली असती. चूक सुईची होती. हे त्यांना कळलं कारण त्यांनी स्कॅन लवकर काढला, डाग ताजा असताना. म्हणून तुझा २१वा दिवस जरा बाजूला ठेव. पहिल्या दिवसाचे स्कॅन काढलेस का? ते कुणी नीट बघितलेत का?

रात्रपाळी

डॉक्टर, एकेरीतच लिहा. पहिल्या दिवसाचे स्कॅन आहेत. "बेसलाइन" म्हणून फोल्डरमध्ये टाकलेत, डाग आहे एवढं बघून बंद केले होते. सलाइनचा पाय नाही. सायक्लोस्पोरिनही नव्हतं. 😐

झाकली_मूठ

वेगळ्या क्षेत्रात आहे, पण गाइड या प्राण्याशी वीस वर्षांचा संबंध आहे, आता स्वतःच तो प्राणी झालोय. उजवा पाय वगळून छापू नका. आज ना उद्या दुसरं कुणी मेलेल्या पेशी टोचून बघणार आणि पेपरवर पहिलं नाव तुमचं असणार. सरांशी भांडूही नका. "कंट्रोल फसला असेल तर पुन्हा करून बघूया, प्रोटोकॉल तुम्हीच सांगा" असं म्हणा. स्वतः सांगितलेल्या प्रोटोकॉलचा निकाल माणसाला नाकारता येत नाही.

अजून_एक_वाचक

हे आमच्या ऑडिटमध्येही चालतं. 😀 पुढं काय झालं ते नक्की लिहा.

रात्रपाळी

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. अँटिबॉडी यायलाच तीन आठवडे गेले, त्यातले चार दिवस डबा कुरियरच्या गोदामात. बर्फ वितळला असेल या भीतीनं उघडवत नव्हता. नशिबानं ठीक निघाली.

आधी पहिल्या दिवसाचे स्कॅन. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डाव्या मांडीचे सगळे काप एकेक करून बघितले. सहापैकी चार रॅटमध्ये डाग स्नायूच्या पोटात, गोल, जिथं हवा तिथं. उरलेल्या दोघांत तो गोल नाहीच. दोन स्नायूंच्या मधल्या पडद्यातून खाली उतरलेली लांब काळी रेघ आहे. सुई बाहेर काढताना पेशी तिच्या मागोमाग आल्या असणार. मला आठवतंय, त्या दिवशी शेवटचे दोन रॅट उरले होते, स्लॉट संपत आला होता आणि मी घाई केली होती. वहीत त्या दोघांसमोर माझ्याच अक्षरात "ओके" लिहिलंय.

मग काचा. दुसऱ्या दिवसाच्या रॅटमध्ये डावीकडे माणसाची केंद्रकं भरपूर, निळ्या ठिपक्यांच्या अगदी शेजारी. अँटिबॉडी चालते हे कळलं. उजवीकडे एकही नाही, अपेक्षेप्रमाणे.

२१व्या दिवशी डावीकडेही एकही नाही. सहा रॅट, प्रत्येकाचे आठ काप, मी दोनदा मोजले. मग शेजारच्या लॅबमधल्या मैत्रिणीला काहीही न सांगता मोजायला बसवलं, तिलाही शून्यच. निळं मात्र दोन्हीकडे भरपूर आणि जिथं निळं तिथं ईडी१. पोट निळ्यानं भरलेले मोठे मॅक्रोफेज स्नायूच्या धाग्यांमध्ये ओळीनं बसलेत. दिसायला सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.

नव्या बॅचला हेपरिननं धुतलं, पेशीमागचं लोह १५ वरून ९ पिकोग्रॅमवर आलं. कोलॉइड, तुमचा निम्म्याचा अंदाज फार चुकला नाही.

काल सरांकडे गेले. आधी हॉपकिन्सचा पेपर टेबलावर ठेवला, काही बोलले नाही (उसळदादा, सूचना तंतोतंत पाळली). मग दोन काचा मायक्रोस्कोपखाली लावल्या, एक डाव्या पायाची, एक उजव्या. सर बराच वेळ डोळा लावून बसले. एक काच, मग दुसरी, मग परत पहिली. मग डोळा न काढताच विचारलं, "यातला डावा कुठला?"

काचेच्या टोकावरचा पेन्सिलीचा नंबर वाचल्याशिवाय मलाही सांगता आलं नाही.